पाटीवरची उभी रेघ

मौलवीसाब,

आज नव्या पोरांना अहवाल कसा लिहायचा ते शिकवताना मी फळ्यावर उभी रेघ ओढली आणि हात आपसूक उजवीकडं गेला. एक जण हसला. "साहेब, उलटीकडून?" नळदुर्गच्या शाळेत तुम्ही आम्हाला उर्दूतून शिकवायचात, म्हणून आमचं सगळंच उजवीकडून सुरू व्हायचं, हे त्याला काय सांगणार?

ती रेघ तुमची. मी तेव्हा लहान आहे, आणि किल्ल्याजवळच्या बागेतले पेरू माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलानं चोरले, असं तुम्हाला सांगायला धावत आलोय. तुम्ही चष्मा पुसत विचारता, "देखा, के सुना?" मी बागेकडं बोट दाखवतो. "बोल की रे. डोळ्यानं देखलास, का कुणी कानात सांगितलं?" मग माझीच पाटी घेऊन तुम्ही मधोमध रेघ ओढता. देखलेलं उजवीकडं, ऐकलेलं डावीकडं. "आणि बेटा, इकडचं तिकडं न्यायचं न्हाय. आपला माणूस असला तरी न्हाय." घरी हे कळल्यावर चेष्टाच सुरू झाली. आईनं जेवलास का विचारलं, की धाकटा भाऊ म्हणायचा, "थांब आई, त्याला आधी पाटी तर आणू दे."

निजामाचं राज्य विलीन झाल्यावर मी शिपाई म्हणून सैन्यात गेलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. अर्धं राहिलेलं कॉलेज बाहेरून परीक्षा देऊन पुरं केलं, हवालदार झालो, आणि मग गुप्तवार्ता विभागात अधिकारी होण्यासाठी अर्ज केला. वयाच्या हिशेबानं ती शेवटची संधी होती. निवडीच्या वेळी आम्हाला छावणीच्या बाजारात हिंडवून आणलं आणि अहवाल लिहायला बसवलं. मी रेघ ओढली. कर्नलसाहेबांनी कागद पाहून विचारलं, हे उजवीकडून का? मी तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "गडबडीच्या काळात हे मास्तर कुणाच्या बाजूला होते? असंच लिहून द्या. रेघ ओढून."

उजवीकडं लिहायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती. कॉलेज सोडून मी गावी आलो होतो, तेव्हाची. निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी शाळेपाशी थांबली. तुम्ही त्यांना रांजणातलं पाणी दिलंत, आणि ते ज्या घराची चौकशी करत होते त्या घराकडं हात केलात. त्या घरचा माणूस निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला होता. मी समोरच्या दुकानातून हे पाहिलं. त्यांनी कुलूप फोडलं, तर घर रिकामं. डावीकडं लिहायचं ते हे, की त्याच पहाटे तुम्ही त्याच्या बायकोला आणि लेकरांना बैलगाडीत बसवून तामलवाडीला तिच्या माहेरी धाडलं होतंत. गावात असं म्हणत. सगळे नाही. काही म्हणत, बाई आपली आपण गेली, मौलवीनं घर दाखवायचं ते दाखवलंच. भरतीला जाण्याआधी मी तुम्हाला विचारायला आलो होतो. तुम्ही अंथरुणावर होतात. मला चहा पाजलात, "फौजेत पाय कोरडे ठेव, बाकी अल्ला बघंल," म्हणालात, आणि माझं विचारायचं राहून गेलं. पहिल्या सुटीला आलो तेव्हा तुम्ही नव्हतात.

बैलगाडी मी पाहिली, एवढं एक वाक्य उजवीकडं लिहिलं असतं, तर तुम्ही सुटला असतात, आणि तुमचा शागीर्द म्हणून बहुधा मीही. ते वाक्य मी डावीकडं लिहिलं. कर्नलसाहेबांनी दोनदा वाचलं. "हे तुमचे उस्ताद ना? त्यांच्यासाठी एवढंही करता आलं नाही?" मी म्हणालो, "त्यांनी करू दिलं नसतं, साहेब." मला घेतलं. त्या दिवशी मी तुमचं ऐकलं, की तुम्हाला विकून अधिकारी झालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. डायरीत कितीदा लिहिलं, कितीदा खोडलं.

ती बाई अजून तामलवाडीत असते. सोलापूरहून तुळजापूरला बहिणीकडं जाताना बस तिथं थांबते. थांब्यावरून तिचं दार दिसतं, असं बहीण सांगते. मी पाहिलेलं नाही. लोकांबद्दलची ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय पुढं धाडायची नाही, हे मी रोज पोरांच्या कानीकपाळी ओरडतो. तिला एकच प्रश्न विचारायचा आहे, त्या पहाटेची गाडी तुम्हीच धाडलीत का, आणि उत्तर तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. पण तामलवाडी आली की मी वर्तमानपत्र उघडतो आणि बस सुटेपर्यंत मान वर करत नाही. ती नाही म्हणेल, याची भीती वाटते, मौलवीसाब. एवढं तुम्हाला सांगवलं, ते पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून.