दाराच्या कडीवरचा हात

सर,

आज अवयव प्रत्यारोपणाच्या वर्गात तुम्ही आम्हाला नातेवाइकांशी कसं बोलायचं ते शिकवत होतात. उदाहरण म्हणून एका बाईचं सांगितलंत. मुलगा ब्रेनडेड, अवयव द्याल का विचारलं, तर म्हणे, "आधी त्याच्या अंगावर पांघरूण घाला." तुम्ही तिची नक्कल केलीत, वर्ग हसला. "अशा हट्टी बायकांपायी अवयवांची वाट बघणारे आपले पेशंट हातचे जातात," म्हणालात.

ती माझी आई, सर. मुलगा म्हणजे माझा दादा.

मी तुम्हाला कशाला आठवेन? तेव्हा मी शाळेच्या गणवेशात, आयसीयूत दादाच्या खाटेमागे भिंतीला चिकटून उभी होते. तुम्ही आत आलाच नाहीत. दाराच्या कडीवर हात ठेवूनच म्हणालात, "तो गेलाय, नुसतं मशीन चालू आहे. हो की नाही, पटकन सांगा." आईच्या हातात दादाचा हात होता आणि तो चांगला गरम होता! गरम हाताचा माणूस गेला कसा, एवढं तरी तिला कुणी नीट सांगायला नको? शेजारी खुर्ची रिकामी होती. तुम्ही टेकलाही नाहीत. मग ती 'नाही' म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. माझा निकाल तुमच्या हातात आहे, आणि मला हेच काम शिकायचंय.

पण उद्याच्या सरावात डॉक्टर तुम्ही आणि नातेवाईक मी. माझ्याशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवणार आहे. बघते, या खेपेला तरी बसता का.

त्या हट्टी बाईची मुलगी