‘कल्पना करून’ लिहिलेल्या खऱ्या अर्जाबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, दुसरा मजला.

विषय : लेखनकौशल्याच्या पेपरातील एक उत्तर अर्ज म्हणून स्वीकारून विद्यार्थिनीचे नाव उघडण्याबाबत.
संदर्भ : आपले कालचे नकारपत्र.

महोदय,

१. अर्जदार महाविद्यालयात लेखनकौशल्य शिकवते. वाचक डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याकडून काय हवे ते स्पष्ट मागा, हे सांगून सांगून तिचा घसा बसला आहे. मुले मान डोलावतात आणि परीक्षेत गाइडातला नमुना उतरवतात. याची तिला सवय झाली आहे.

२. यंदाचा प्रश्न : ‘वसतिगृहात प्रवेश हवा आहे अशी कल्पना करून प्राचार्यांना अर्ज लिहा.’ अनेक महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात जो तो घर लांब असल्याचे सांगत होता. एका मुलीने मात्र लिहिले की, परीक्षा संपताच थोरला भाऊ तिचे कॉलेज बंद करून वहिनीच्या भावाशी लग्न उरकणार आहे, तिला ते नको आहे, आई धाकाने गप्प आहे, तरी एक खाट मिळावी. खाली पेन्सिलीने : ‘मॅडम किंवा सर, हे खरं आहे हो. मार्क नाही दिले तरी चालतील.’

३. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असतो. नाव आपल्या कपाटात. तोंडी विचारले, तर आपल्या कार्यालयाने बाईंनी पेपर तपासावेत, लग्ने मोडू नयेत, असे ऐकवले. लेखी विचारले, तर प्रश्नात ‘कल्पना करून’ असल्याने मजकूर काल्पनिक समजावा, असे आपण कळवले. वर तो नमुन्याला धरून नाही म्हणून अर्जदाराने दिलेल्यातले दोन गुणही आपण कापले. धन्य आहे! अर्जदाराने जन्मभर जे शिकवले ते एका पोरीने करून दाखवले, आणि तिच्या नशिबी वाचक कोण, तर आपण दोघे. अर्जदाराला याची लाज वाटते आणि भीतीही वाटते.

४. शेवटचा पेपर उद्या दुपारी सुटतो. त्यानंतर नाव कळून उपयोग नाही.

५. नियमावली पुन्हा चाळता असे आढळले की, उत्तरपत्रिकेत परीक्षकाला विनवणी करणे हा गैरप्रकार आहे. गैरप्रकारात नाव त्याच दिवशी उघडते आणि विद्यार्थिनीला प्राचार्यांसमोर एकटीला बोलावतात. घरच्यांना आत घेत नाहीत. सबब अर्जदार या मुलीविरुद्ध गैरप्रकाराची तक्रार दाखल करत आहे. यात तिचे वर्ष जाऊ शकते, हे अर्जदार जाणते. कृपया तिला आजच पकडावे.

आपली, दुसरा मार्ग न उरलेली,
(सही)
परीक्षक, लेखनकौशल्य
दिनांक : आजचाच

सोबत : गैरप्रकाराचा अहवाल. आरोपीचे नाव : माहीत नाही.