उलटं बसलेलं रीळ

४ फेब्रुवारी

ती. काका,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नका. पत्र मीच सांगतोय, लिहितेय तुमची सूनबाई. उजव्या हाताची पट्टी निघाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लेथने नेलं ते नेलंच. डॉक्टर म्हणतात, उरलेल्या तिघांना कामाला लावा. फोरमनसाहेब म्हणतात, लेथ सोड आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून नटबोल्ट दे. वीस मार्चपर्यंत उत्तर द्यायचंय. बावीस वर्षं लेथवर उभा राहिलोय काका, खुर्चीत मी गंजून जाईन.

म्हणून ठरवलंय. तुम्ही शिकवलेला पिसांचा गळ घेऊन पुन्हा समुद्रावर जायचं. काठी डाव्या हातात धरायची आणि रीळ उजव्याने फिरवायचं. पळणारा मासा या तीन बोटांनी गुंडाळून आणला, तर लेथचं चाकही फिरवीन. आठ नंबरची काठी आहे, पण रीळ आणि दोरी नवीन हवी, आणि परवडणारी हवी. कुठली घेऊ? हिचं म्हणणं, रबरी चेंडू दाबला तरी तेवढाच व्यायाम होतो. (होतोच! – सूनबाई)

लोभ आहेच, सल्ला तेवढा लवकर धाडा.

तुमचा,
खटपट्या

११ फेब्रुवारी

चि. खटपट्या आणि चि. सौ. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

जन्मभर मला डावरा म्हणून चिडवलंस, आता कसा आलास माझ्या कंपूत! माझंच रीळ तुला दिलं असतं रे, पण शेवटच्या खेपेनंतर धुवायचा आळस केला आणि आत मीठ धरलं. आता ते टेबलावर कागद दाबून बसलंय. गुडघे बरे असते तर मीच आलो असतो, तेही नाही.

तर ऐक. दुकानदार तुला अखंड ठोकळ्यातून कोरलेलं रीळ दाखवेल आणि तू लेथवाला, त्याचं काम बघून तिथेच विरघळशील. विरघळू नकोस. ओतीव घे, चांगलं चालतं, फक्त खडकावर आपटू नकोस. पैसे टाकायचे ते ब्रेकवर. मासा दोरी ओढत पळतो तेव्हा त्याला दमवतो तो ब्रेकच. तो बंदिस्त हवा, खारं पाणी आत जाता कामा नये. आणि मधला गाभा जाड असलेलं बघ, म्हणजे एका फेऱ्यात जास्त दोरी येते आणि तुझ्या बोटांचे कष्ट वाचतात.

दोरीत मात्र चिक्कूपणा करशील तर माझ्याशी गाठ आहे. थंड पाण्याची दोरी स्वस्त मिळते, पण उन्हात ओल्या नाडीसारखी लोळते. उष्ण समुद्रासाठी केलेली, ताठ, तरंगणारी घे, आणि काठी आठ नंबरची म्हणून दोरीही आठ नंबरचीच. तिच्यामागे दोनशे वार बारीक मजबूत दोरा भर. घरी आलास की नळाच्या बारीक धारेखाली सगळं धू, चहा नंतर.

सूनबाई, चेंडू राहू दे. याला हट्टच बरा करेल.

तुझा,
डावरा काका

२ मार्च

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तस्संच रीळ घेतलं. ओतीव आहे, ब्रेक बंदिस्त आहे. दोरीही ताठ मिळाली. रिळाची दोरी गुंडाळायची चकती काढून घरच्या ड्रिल मशीनला लावली आणि पाच मिनिटांत सगळी दोरी भरली. हिला म्हटलं, बघ कारागिराचं काम!

रविवारी गेलो. डाव्या हाताने फेक तुमच्याहून वाईट जाते, पण जाते. दहाच्या सुमारास मासा लागला आणि दोरी अशी सुसाट सुटली की रिळाची मूठ गरगर फिरताना बोटांवर फटाफट बसली. मग गुंडाळायला लागलो तर रीळ हलेचना. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. ब्रेक आवळला तर आणखीच जड. तीन बोटांनी जीव खाऊन ओढलं, घाम फुटला, मासा गेला.

काका, हातात जोर नाही. खरं ते खरं. स्टोअरच्या कागदावर सही करतोय. रीळ विकून टाकीन. तुमचा वेळ फुकट घेतला, रागावायचं तर पत्रातूनच रागवा.

तुमचा,
खटपट्या

ता. क. काका, हे मी त्यांना न सांगता लिहितेय. काल त्यांनी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण त्याच हाताने उघडलं, मला उघडत नव्हतं. मग रीळच कसं फिरत नाही? वीस तारखेच्या आत उत्तर द्या, हात जोडते. – सूनबाई

८ मार्च

चि. खटपट्या,
आशीर्वाद, आणि एक सणसणीत टपली.

सही करू नकोस! आधी हे वाच. गाढवा, तुझा हात धडधाकट आहे, रीळ उलटं आहे. ब्रेक एकाच दिशेला धरतो. दुकानातून येणारं रीळ बहुतेक डाव्या हाताने गुंडाळण्यासाठी लावलेलं असतं. तू उजव्याने गुंडाळतोस, म्हणजे तुझा ब्रेक मासा पळताना मोकळा आणि तू गुंडाळताना आवळलेला! त्या रविवारी तू माशाशी नाही, स्वतःच्याच ब्रेकशी झुंजलास. हाताने भरली असतीस तर पहिल्या फेऱ्यातच कळलं असतं, पण कारागिराला ड्रिल हवं!

आणि अर्धी टपली मला. डावरा असल्यामुळे प्रत्येक रीळ घरी आणल्याबरोबर मी उलटवतो, इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. चकती काढ, ब्रेकची दिशा ठरवणारं आतलं छोटं बेअरिंग काढ, उलटं करून बसव. मग दोरी ओढून बघ, ती जड यायला हवी. मूठ फिरव, ती हलकी जायला हवी. सूनबाईला समोर बसव, झाकणाची ती जाणकार आहे.

तुझ्या पत्राची वाट बघत दारातच खुर्ची टाकलीय.

तुझा,
डावरा काका

१७ मार्च

ती. काका,
सा. न. वि. वि.

आता अक्षर बघून खुशाल दचका.

बेअरिंग उलटवलं. मूठ एका बोटाने फिरली, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून रडलो, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. काल चार किलोचा लागला. दोनदा पळाला, दोनदा ब्रेकने धरला, आणि दरवेळी मी गुंडाळून आणला. ही किनाऱ्यावरून ओरडत होती. वजन करून सोडून दिला.

आज फोरमनसाहेबांना कागद कोराच परत दिला. सोमवारपासून लेथवर. पहिला महिना हलकी कामं, असं तेच म्हणाले.

हे पत्र उजव्या हाताने लिहितोय, तीन बोटांनी. दोन तास लागले. ही शेजारी बसून चुका काढतेय, पण पेन मागत नाहीये.

तुमचं ते मिठाने धरलेलं रीळ पाठवून द्या. लेथवर मोकळं करून देतो. माया आहेच, ती राहू द्या.

तुमचा,
खटपट्या