साडेसातच्या बातम्या

मीरा रोड,
३ डिसेंबर २००७

प्रिय इशिता,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. बाबांना घेऊन कायमची पुण्याला ये, फ्लॅट भाड्याने दे, हे तू दिवाळीपासून सारखं सांगते आहेस. एजंट येऊन खोल्या बघून गेला, जाताना बाथरूमच्या नळाला नावं ठेवून गेला. तुझं म्हणणं मला पटलं होतं. पटलं नसतं तर दिवाळीला तू नि अभिनव आलात तेव्हा त्याच्या गाडीत ती मोठी बॅग भरून दिली नसती.

तू बाबांना पाहिलंसच. गणपतीत केबलवाल्यांनी निरोपाचं शाल-श्रीफळ दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून या माणसाने बोलणं सोडलं. चहा हवा का विचारलं की मान हलवायची, हो की नाही ते मी ओळखायचं. साडेसात वाजले की सोफ्यावर ताठ बसायचे, समोर टीव्ही बंद. मी रागावूनही पाहिलं. माझ्या रागाचा त्यांच्यावर आजवर कधी परिणाम झाला आहे?

तू कॉलेजात असताना तुला त्यांच्या केबलवरच्या बातम्यांची लाज वाटायची. वर राखाडी कोट आणि टाय, टेबलाखाली लेंगा. गोडदेवला त्या शिकवणीच्या क्लासवरच्या खोलीत केबलवाल्यांचा स्टुडिओ, तिथे पंख्याचा आवाज माइकमध्ये यायचा म्हणून पंखा बंद. त्या उकाड्यात बाबा गटारांच्या आणि रक्तदान शिबिरांच्या बातम्या वाचायचे. मलाही फार कौतुक नव्हतं, उगाच खोटं कशाला. पण शेवटची बातमी पाण्याच्या वेळेची असायची आणि ती सुरू झाली की अख्खी बिल्डिंग गप्प व्हायची. त्या एका बातमीसाठी ते कागदावर विसंबत नसत. घरून निघण्याआधी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पंढरीनाथला स्वतः फोन करायचे. म्हणायचे, पाणी कागदातून येत नाही, चावी फिरवल्यावर येतं.

आता त्यांच्या जागी एक चुणचुणीत मुलगी उभ्याने हिंदीत बातम्या देते. चांगली वाचते. पाण्याची वेळ मात्र खाली पट्टीवर पळते.

मागच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या सुलूमावशी जिने चढून आल्या. त्यांना मोतीबिंदू आहे, तुला माहीतच आहे. दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, ती पट्टी पळते नि माझे डोळे चालतात. पाणी कवा हाय?" बाबा म्हणाले, मी रिटायर झालो, मावशी. त्यावर त्या म्हणतात, "तुम्ही झालात. पाणी झालंय का?"

बाबा उठले आणि पंढरीनाथला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, साहेब, मला वाटलं तुम्ही गावाला गेलात. मग बाबांनी दारात उभं राहून सुलूमावशी एकट्यांना पाण्याची वेळ सांगितली, पण पूर्वीच्याच आवाजात. स्वयंपाकघरात माझ्या हातातली पोळी करपली, ती मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दारात पाच-सहा बायका. मी काही रोज सगळ्यांना चहा पाजणार नव्हते. सरळ सेक्रेटरी सुभाषभाईंकडे गेले आणि सोसायटीचा गरब्याचा माइक मागितला. ते म्हणाले, "भाभी, पानी के लिए माइक?" मी म्हटलं, गरबा नौ दिन का है, पानी रोज का. त्यांनी माइकच्या कपाटाची किल्ली काढून दिली.

तेव्हापासून बाबा रोज साडेसातला कंपाउंडमध्ये उभे राहतात. आधी दाढी, स्वच्छ शर्ट, मग पंढरीनाथला फोन. हाटकेशच्या बाजूला पाणी कधी, आपल्याकडे कधी, दाब कमी असेल तर तेही. शेजारच्या बिल्डिंगमधले लोकही गॅलरीत येतात. परवा बी विंगच्या कोणाची चष्म्याची डबी हरवली, तीही बातमी वाचली, आणि ती सापडली. वर आले की जेवताना बोलतात. काल आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिली तक्रार. मी मिठाची बरणी पुढे सरकवली.

एकच गोष्ट मला बघवत नाही. माइक सुरू झाला की त्यांचा हात सवयीने पोटाशी जातो, कोटाचं बटण लावायला. तिथे कोट नसतो. हात तसाच खाली येतो, पहिलं वाक्य अडखळतं. काल कपाट उघडून बराच वेळ उभे होते. मला काही विचारलं नाही.

तू नेलेल्या त्या मोठ्या बॅगेत, शालींच्या खाली, तो राखाडी कोट आहे. इथे आता त्याचं काम नाही म्हणून मीच घातला होता. बाकी सामान राहू दे, आम्ही मे महिन्यात सान्वीच्या शाळेला सुट्टी लागली की आठ दिवस नातीजवळ राहायला येऊ, तेव्हा वापरू. एजंटला मी नकार कळवला आहे. कोट मात्र उद्याच कुरियरने पाठव. इस्त्री करू नकोस, ती मी करीन.

तुझीच,
आई