सांगाड्यावरच्या माझ्या खुणा

२ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.
दीपमालाने तिच्या सीनिअरकडून, अमरदीपकडून, प्लास्टिकचा सांगाडा आणला. पूर्ण उंचीचा, स्टँडसकट. ऑटोवाल्याने विचारलं म्हणे, भाईसाब सामने बैठते क्या.
पोरगी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. मागच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाडांतच नापास झाली. हातात हाड दिलं. डावं की उजवं, सांगता आलं नाही. १६ तारखेला पुन्हा आहे. आता गेली तर सहा महिने मागे. रडत होती. मला बघवेना.
ठरवलं. प्रकरण मी हातात घेणार. तेहतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढलीत. हाडं २०६. रोज वीस. अकरा दिवसांत मी तयार.

३ मार्च. सकाळी ८:१०.
साडेपाचला उठायचं होतं. गजर ऐकू आला नाही. कानातली हाडं फार लहान असतात, त्यामुळे. एका कानात तीन. दोन कानांची सहा पाठ! चौदा राहिली. उद्या चौतीस.

४ मार्च.
एकट्या मनगटात आठ निघाली. चार पाठ केली. जेवणानंतर दोन गेली. शेवग्याची आमटी जड पडते.
पंचफुलाने सांगाड्याच्या हातात भाजीची पिशवी अडकवली. बायकोला अभ्यासाचं वातावरण कळत नाही.

६ मार्च.
पाठांतर ही जुनी पद्धत. लेबलिंग हवं. ज्या कागदावर खूण नाही तो हरवलाच समजायचा. आबिड्सच्या बाजारात जाऊन परमनंट मार्कर आणला. सांगाड्यासमोर खुर्ची टाकली. माझ्या डाव्या हाताला येतं ते डावं, उजव्या हाताला ते उजवं. साधी गोष्ट. डॉक्टर लोक उगाच अवघड करून ठेवतात.
पंचफुला म्हणाली, अहो पण तो आपल्याकडं तोंड करून उभाय. म्हटलं, साहेबासमोर आलेला माणूस तसाच उभा राहतो.

९ मार्च.
खुणा पूर्ण. ‘डा’ आणि ‘उ’. बोटांच्या पेरापर्यंत. दीपमाला बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, थँक्यू बाबा. डोळे भरून आले. माझे.

११ मार्च.
दीपमालाने नवीन सांगितलं. घशात एक हाड असतं, दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. बोलायला लागतं. पंचफुला म्हणाली, आपल्या घरातबी एक हाय, रिटायर झाल्यापास्नं. कोणाबद्दल म्हणाली कळलं नाही. बहुतेक वरच्या मजल्यावरचे अप्पाराव.

१३ मार्च.
दीपमालाने सहज विचारलं, मांडीच्या हाडाचं नाव काय. माहीत होतं. आठवलं नाही. तसंही मार्गदर्शकाने पाठ करायचं नसतं.
एकूण पाठ: कानातली तीन. दोन्ही कानांत नावं तीच, हे आज कळलं.

१६ मार्च. सकाळी ८.
दीपमाला गेली. सांगितलं, घाबरू नको, बाबाच्या खुणा आठव.

दुपारी ३.
फोन लागत नाही. जेवलो नाही. खरं सांगायचं तर भीती वाटतेय. माझ्यामुळे काही झालं तर?

संध्याकाळी ६.
पास! सात हाडं दिली, सातही बरोबर सांगितली! लगेच नांदेडला मेहुण्याला, अंबाजीला फोन लावला. माझी पद्धत सविस्तर समजावली. त्याला तिच्याच तोंडून ऐकवावं म्हणून स्पीकर चालू केला आणि दीपमालाला विचारलं, खुणांचा उपयोग झाला ना.
म्हणाली, खूप झाला बाबा. चुकूनसुद्धा एक बरोबर नव्हती. तुम्ही लिहिलेलं आठवायचं आणि उलटं सांगायचं.
अंबाजी अजून हसतोय. फोन कट केला.

१७ मार्च.
अमरदीपला सांगाडा कोरा परत हवाय. नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस घेऊन सकाळपासून बसलोय. शंभराच्या वर खुणा. घासून घासून खांदा धरलाय. डावा.
पंचफुला समोर खुर्ची टाकून म्हणते, उजवा.