लाल पट्टीवरच्या तीन गाठी

३ फेब्रुवारी १९७१
मिळालं! इंटरस्कूल स्पीचसाठी मिसनी मलाच निवडलं. विषय माझाच — इंका! चाक नाही, घोडा नाही, लिपी नाही — तरी हजारो मैल रस्ते! दुष्काळासाठी भरलेली कोठारं! आणि किती माणसं, किती मका, सगळं दोऱ्यांच्या गाठींत. त्याला किपू म्हणतात. गाठ नाही म्हणजे शून्य.
आईच्या जुन्या साड्या फाडून एक केलाय. शेवटच्या रांगेतूनही दिसायला हवा, म्हणून गाठी मुठीएवढ्या. "बाई गं, ती लाल माझी आवडती होती!" — आई.

६ फेब्रुवारी
माझा भाऊ, विनूदादा, कॉलेजच्या हॉस्टेलमधून नाहीसा झालाय. भिंतींवर घोषणा रंगवणाऱ्या पोरांत तोही होता म्हणे. पोलीस येऊन गेले. खाली चहाच्या टपरीवर दोघं साध्या कपड्यांत बसलेत. चहा पीतच नाहीत.

८ फेब्रुवारी
दादा भेटला!! दमदम स्टेशनच्या पुलावर. दाढी वाढलीय. "लीने, रडू नकोस, लोक बघतायत." मी काय बोलावं? किपूबद्दलच बोलत सुटले! तो हसला. "मग तुझ्या इंकांना कामाला लाव की."
ठरलं. आमची मागची गॅलरी रेल्वेच्या रुळांकडे आहे. तो रोज चारच्या सियालदह लोकलमधून बघणार. किपूतली लाल पट्टी गॅलरीत टांगायची. तीन गाठी — पोलीस आहेत, येऊ नकोस. गाठ नाही — शून्य, कोणी नाही, ये.
आईला सांगावंच लागलं. नाहीतर धुवायला काढायची!

११ फेब्रुवारी
आई मटार सोलत होती, मी प्रॅक्टिस करत होते. दोन भावांचं राज्यासाठी युद्ध. त्यातून जिंकलेला अताहुआल्पा. परक्यांनी भेटीला बोलावलं, हा हजारो माणसं घेऊन गेला — शस्त्रांशिवाय! पकडला. मग त्यानं भिंतीवर हात उंच केला — इथपर्यंत खोली सोन्यानं भरतो, मला सोडा. ते म्हणाले, सोडू.
आईचे हात थांबले. "भरली?"
"भरली."
तेवढ्यात बेल. पोलिसांचे साहेब. बाबांना म्हणाले, "लड़का खुद आ जाए. दो-चार सवाल, शाम तक घर. ज़बान देता हूँ."
ते गेल्यावर बाबा — "सरकारी माणूस आहे, शब्द देतोय."
मी — "आणि ते टपरीवरचे दोघं?"
"तू गप्प बस!"
आईनं मटारांचं भांडं पुन्हा जवळ ओढलं.

१३ फेब्रुवारी
चारची गाडी गेली. डब्याच्या दारात एक दाढीवाला — तोच? गाठी जागेवर.

१५ फेब्रुवारी
पहिला नंबर. भाषणाचा शेवट — सोनं घेतलं आणि त्याचा गळा आवळला.
कप घेऊन पळत घरी आले. गॅलरीत लाल पट्टी. सपाट. एकही गाठ नाही. इस्त्री केल्यासारखी!
मी पोचायच्या आधीच, साडेचारला, दादा आला होता. पोलिसांनी जिन्यातच धरलं.
"मीच सोडल्या," आई म्हणाली. "त्यांनी शब्द दिलाय ना. संध्याकाळी येईल तो." पुरण शिजत होतं.
आठ वाजले. बाबा ठाण्यावरून एकटेच आले.

१६ फेब्रुवारी
अजून नाही. दादाचं ताट झाकलेलंच आहे. आईनं विचारलं, "लीना, खोली भरल्यावर त्या राजाला सोडलं ना गं?"
मी हो म्हटलं.