माझी कंबर चौतीसच आहे

२ फेब्रुवारी १९९७, रविवार
वृषालीचं लग्न ठरलं. ११ मे, राहुरीत, विहारात. वधूपित्याला पांढरी पँट, पांढरा शर्ट हवाच. सकाळी पुंजाराम टेलरकडे गेलो. टेप लावून तो भर दुकानात ओरडला, "कंबर पन्नास, साहेब! कापड लई लागंल." चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. टेप उन्हात आखडला असणार. माप अर्धवट टाकून निघून आलो. माझी कंबर चौतीस आहे. १९७४ साली विद्यापीठात क्लार्क म्हणून लागलो तेव्हापासून चौतीस. ठराव : पुंजारामची पायरी पुन्हा चढायची नाही.

५ फेब्रुवारी
पेपरात जाहिरात सापडली. मुंबईची कंपनी, घरबसल्या रेडिमेड, पोस्टाने. फॉर्म भरला. कंबर ३६. (दोन इंच हातचे.) वृषाली म्हणाली, आबा, टेप लावून तर बघा. म्हटलं, माणसाला स्वतःची कंबर पाठ असते. पुरावा कपाटात आहे : मेहुण्याच्या लग्नातली पांढरी पँट, १९८१ ची. परवापरवापर्यंत बसत होती. वृषालीची आई जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून घट्ट होते. तीही फक्त डावीकडून. कारण उघड आहे. वृषालीला कपडे धुता येत नाहीत. आमच्या हिने धुतलेलं कधी आटलं नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३
आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज. सात-आठ टाके, मग बंद. ही याच वेळेला बसायची. जाऊन पाहिलं. मशीनवर झाकण, झाकणावर धूळ. वृषाली मैत्रिणीकडे गेलेली. शेजारच्या छबूबाईंना विचारलं, तुमच्याकडे मशीन आहे का? त्या म्हणाल्या, "न्हाई बा. मला वाटलं तुमचंच चालू हाय." आम्ही विज्ञानवादी माणसं. भूतबीत मानत नाही. केवळ नोंद.

१० मार्च
पार्सल आलं. शर्टाची वरची दोन बटणं लागली. पँट मांडीवर अडली. पोस्टमन गोरक्षनाथ पाणी प्यायला थांबला होता, त्याने सगळं पाहिलं. "साहेब, धाकट्या भावाचं हाय का?" हो म्हटलं. मला भाऊ नाही. मुंबईचा इंच आपल्यापेक्षा लहान दिसतो. कडक पत्रासह परत.

२९ मार्च
कंपनीचं उत्तर. मोठे साइज तयार मिळत नाहीत, स्पेशल ऑर्डर द्यावी लागेल. सोबत नवा फॉर्म. बारा मापं, ती दुसऱ्या व्यक्तीने घ्यावीत, खाली माप घेणाऱ्याची सही. 'मोठे' हा शब्द खटकला, पण असो.
वृषाली घरी नव्हती. मशीनच्या खणातून हिचा टेप काढला. एकट्याने कंबर मोजता येत नाही. मागचं टोक सुटतं. चार वेळा सुटलं. पाचव्यांदा सुटलं नाही. मणक्यापाशी कोणीतरी दोन बोटांनी धरून ठेवल्यासारखं. ही तसंच धरायची आणि आकडा न बघताच म्हणायची, "चौतीस." मागे वळून पाहिलं नाही. समोर आकडा नीट दिसेना, चष्मा बाहेर होता. अडतीस असावा. अडतीसच लिहिला.
सहीच्या जागी का कोण जाणे, हिचं नाव लिहून बसलो. खाडाखोड चालणार नाही असं छापलेलं होतं, म्हणून तसंच ठेवलं.

६ एप्रिल
उद्यापासून रोज पहाटे कॅनॉलपर्यंत चालणे. कंबरेसाठी नव्हे, तब्येतीसाठी.

९ एप्रिल
चालणे स्थगित. बूट चावतात.

२१ एप्रिल
दुसरं पार्सल. पँट या वेळी मांडीच्या वर आली, तिथून पुढे नाही. आत छापील चिठ्ठी : श्रीमती गीताबाई रंभाजी यांस, शिलाई आपण दिलेल्या मापाप्रमाणे असून चुकीची जबाबदारी माप घेणाऱ्याची राहील.
तिच्यावर ठपका! तेवीस वर्षांच्या संसारात मी ठेवला नाही, तो यांनी ठेवला. लगेच उत्तर लिहिलं की माप घेणारी व्यक्ती अत्यंत विश्वासू असून तिचं माप कधी चुकलेलं नाही. लिहिताना पेनाचं निब मोडलं. राग.

२७ एप्रिल, रविवार
वृषालीने जुनी पांढरी पँट काढली. म्हणाली, आत किती कापड शिल्लक आहे बघू. कंबरपट्टी उलटी करून माझ्यासमोर धरली. आत सुयांच्या भोकांच्या ओळी. मोजल्या. सहा. मागच्या बाजूला वेगळ्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी, हिच्या पांढऱ्या साडीची. मी म्हणालो, शिवण मजबूत करायला लावली असेल.
वृषालीने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आबा, आई दर दोन-तीन वर्षांनी उसवून वाढवायची. तुमचे सगळेच कपडे. मला म्हणायची, ह्यांना सांगू नको, ह्यांना आपलं चौतीसच वाटू दे." दवाखान्यातसुद्धा पँट मागवून घेतली होती म्हणे, शेवटच्या आठवड्यात. उजवी बाजू झाली. डावी राहिली.
मी तेव्हा रोज दोन तास तिच्या उशाशी बसत होतो. पेपर वाचत.

३ मे
पुंजारामची पायरी चढलो. या वेळी स्वतःहून म्हटलं, पन्नास घे. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, लगीनसराई हाय. ईस तारखेपतूर सुईला हात लागायचा न्हाई." बरं म्हटलं.

९ मे, दुपार
मशीनचा आवाज. धावत गेलो. वृषाली पाठमोरी बसली होती, लग्न दोन दिवसांवर असलेली पोरगी, माझ्या पँटची डावी बाजू शिवत. मान अगदी आईसारखी कललेली. दारातच उभा राहिलो. हाक मारायची होती. कोणाच्या नावाने, ते ठरेना.

१२ मे, सोमवार
काल लग्न झालं. वंदना, मंगल परिणय, जेवणं, सगळं वेळेत. पँट बसली. व्याही म्हणाले, कपडा छान आहे, कुठून घेतलात? घरचा आहे म्हटलं.
संध्याकाळी जीप लागली. वृषाली रडणार नाही म्हणाली होती. मग एकदम वळली आणि मला मिठी मारली. पाठीवर तिचे हात एकमेकांना शोधत होते. मी श्वास आत ओढून धरला, पोट जेवढं आत जाईल तेवढं घेतलं.
तरी पोचले नाहीत.